खाऱ्या वाऱ्यातला स्मार्ट टीव्ही

यंदा चतुर्थीच्या आधी आम्ही टीव्ही घेतला आणि तेव्हापासून माहेरचे, शेजारचे, बचत गटातल्या बायका, सगळ्यांचा एकच प्रश्न, कुठला घेतलास गो? आता कंपनी आणि मॉडेल सांगून तसा काही फायदा नाही, मॉडेलं वर्षभरात बदलतात, पुढच्या वर्षी तो नंबर दुकानात मिळणारही नाही. त्यापेक्षा काय बघून घेतला ते नीट लिहिते. कारण आपल्या कोकणातल्या घरासाठी टीव्ही घेणं आणि मुंबईच्या फ्लॅटसाठी टीव्ही घेणं यात खूप फरक आहे, आणि यूट्यूबवरचे रिव्ह्यूवाले टीव्ही तपासतात ते बंद खोलीत, पडदे ओढून, एसी लावून. आपल्याकडे टीव्ही असतो ओटीवर. दार दिवसभर सताड उघडं, समोर खळं, खळ्यावर ऊन, आणि माडांच्या पलीकडे समुद्र. माझं ठाम मत झालंय की टीव्ही घ्यायला निघायच्या आधी एक दिवस आपलंच घर नीट बघावं. कोण कुठे बसतं, उजेड कुठून येतो, ओल कुठल्या भिंतीला येते, डिशची वायर कुठून आत येते. हे कळलं की दुकानातले निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

आधी जुन्या टीव्हीचं सांगते, त्यावरूनच मला बरंच समजलं. तो ३२ इंची होता, एक दिवस चित्र गेलं पण आवाज चालू. मेकॅनिक आला, त्याने खोली काळोखी केली आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरला, तर आत मालिकेतली माणसं अंधुक हलताना दिसत होती. म्हणजे पॅनल, चित्र उमटतं ती काच, ठीक, तिच्या पाठून उजेड देणारा बॅकलाइट गेला. ही युक्ती कुणीही घरी करून बघू शकतं, निदान मेकॅनिकला फोनवर नीट सांगता येतं काय झालंय ते. मग त्याने पाठचं झाकण काढलं आणि मला बोलावून दाखवलं. बोर्डावरच्या सोल्डरच्या टाक्यांवर हिरवट पांढरी पूड बसलेली, न घासलेल्या तांब्याच्या कळशीवर बसते ना तशी. स्क्रूची डोकी गंजून तांबडी. आणि एका एचडीएमआयच्या भोकात, सेट टॉप बॉक्सची वायर लावतात त्यात, कुंभारीण माशीने मातीचं घर करून ठेवलेलं, त्याने बारीक स्क्रूड्रायव्हरने टोकरलं तर वाळलेल्या मातीचा तुकडा निघाला, आत तिने अळीसाठी भरून ठेवलेले मेलेले कोळी. एवढ्याशा भोकात!

तर हे असं होतं. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं, ते सगळीकडे बसतं, आणि मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून जूननंतर बोर्डावर कायम ओलसर थर राहतो. त्यातून तांबं खाल्लं जातं, दोन टाक्यांच्या मधून नको तिथे करंट वाहायला लागतो. समुद्र दोन चार किलोमीटरवर असला की कुठल्याही कंपनीचा टीव्ही यातून सुटत नाही, आणि खाऱ्या हवेसाठी वेगळा बनवलेला घरगुती टीव्ही काही मी दुकानात बघितला नाही. म्हणून जागा महत्त्वाची. पश्चिमेच्या खिडकीसमोर टीव्ही नको. पावसाचा मारा लागतो त्या बाहेरच्या भिंतीवर तर अजिबात नको, जुलैत तिथे हात लावून बघा, भिंत थंडगार ओली लागते आणि टीव्हीची पाठ त्यालाच चिकटलेली. आम्ही माजघर आणि ओटीच्या मधल्या भिंतीवर लावला, ती दोन्ही बाजूंनी सुकी असते. पाठीमागे चार बोटं जागा सोडली म्हणजे हवा खेळते. वापरात नसलेल्या भोकांना रबरी टोपणं लावली, ऑनलाइन अगदी स्वस्तात पाकीट मिळतं, नाहीतर साधी चिकटपट्टी लावली तरी कुंभारीण आणि मुंग्या येत नाहीत. फक्त हवेच्या जाळ्या बुजवू नका, त्या लागतात. आणि पावसाळ्यात टीव्हीवर ते प्लास्टिकचं कव्हर घालतात ते घालू नका, ओल आत कोंडते. उलट पावसाळ्यात टीव्ही रोज थोडा वेळ चालू ठेवावा, चालू असला की आतून गरम होतो आणि दमटपणा निघून जातो.

दुसरं म्हणजे वीज, आकाशातली. मे महिन्याच्या शेवटी संध्याकाळी जो गडगडाट होतो तो, आणि मग ऑक्टोबरात परतीच्या पावसाचा. या दोन वेळी आमच्या वाडीत दरवर्षी कुणाचा ना कुणाचा टीव्ही जातो. लोक रिमोटने बंद करतात आणि समजतात झालं, पण रिमोटने बंद म्हणजे तो स्टँडबायला असतो, वायर जोडलेलीच. पिन काढायची. आणि नुसती लाइटची पिन काढून पण भागत नाही, कारण वीज डिशच्या वायरीतून सुद्धा येते, डिश छपरावर उघड्यावर, तिथून वायर थेट सेट टॉप बॉक्समध्ये आणि बॉक्समधून एचडीएमआयने टीव्हीत. म्हणून डिशची वायर पण काढून बाजूला ठेवायची. फायबरचं कनेक्शन असेल तर ती काचेची तार वीज आणत नाही, पण त्या बॉक्सचा अॅडॉप्टर लाइटवर असतो आणि तिथून टीव्हीपर्यंत लॅनची केबल ओढली असेल तर तीही काढा. आम्ही सरळ वायफायवर ठेवलाय, एक वायर कमी.

स्टॅबिलायझर घेऊ का असं खूप जण विचारतात. टीव्हीच्या पाठचं लेबल वाचा. बऱ्याच टीव्हींवर १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं, म्हणजे लाइट डीम झाली तरी तो चालतो, कमी व्होल्टेजसाठी वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही. धोका असतो तो एकदम वर जाणाऱ्या व्होल्टेजचा, झाडाची फांदी तारांवर पडली, न्यूट्रलची तार तुटली की होतं ते. साधा झटका असेल तर सर्ज प्रोटेक्टरवाला बोर्ड कामाला येतो, नुसती चार भोकांची एक्स्टेन्शन नव्हे. न्यूट्रल तुटून व्होल्टेज चढलेलंच राहिलं तर तो पण पुरत नाही, त्यासाठी जास्त व्होल्टेज आलं की लाइट तोडणारं यंत्र वायरमनकडून मीटरजवळ बसवून घ्यावं लागतं. आणि सर्ज प्रोटेक्टर काम करतो ते घराला अर्थिंग असेल तर. आपली जमीन जांभ्याची, उन्हाळ्यात खडखडीत सुकते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणीच नसतं आणि नेमका मेमध्ये गडगडाट. खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतणं हे काम आमच्याकडे आता ह्यांच्याकडे आहे.

आता भिंतीवर लावायचं. चिऱ्याच्या भिंतीत ड्रिल मारलं की भोक मोठं होतं, तांबडी पूड गळत राहते आणि साधा प्लास्टिकचा गट्टू पकडत नाही. टीव्हीबरोबर जो माणूस फिटिंगला येतो त्याच्याकडे काँक्रीटच्या भिंतीचे आखूड स्क्रू असतात. त्याला आधीच फोन करून सांगा चिऱ्याची भिंत आहे म्हणून, लांब फास्टनर आण. चिऱ्याच्या मधोमध भोक मारायचं, दोन चिऱ्यांच्या सांध्यात नाही. भिंत मातीच्या सांध्याची जुनी असेल तर मी तर म्हणेन टेबलावरच ठेवा, फक्त टेबलाची लांबी मोजून घ्या, हल्ली टीव्हीचे पाय दोन टोकांना असतात. ४३ इंची टीव्ही साधारण ९५ सेंटीमीटर रुंद असतो आणि ५५ इंची १२२, म्हणजे चार फूट. आपल्या जुन्या शोकेसच्या खणात ५५ इंची जात नाही.

साइझवरून आमच्या घरात बरीच बोलाचाली झाली. भावोजी मुंबईहून फोनवर सांगत होते ५५ च्या खाली घेऊ नका, त्यांच्या हॉलमध्ये तोच आहे आणि छान दिसतो. दिसतो, पण ते बघतात काय? ओटीटी. आमच्याकडे दिवसाचे सहा तास फ्री डिश. २००४ साली डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झालेली ती सेवा, महिन्याचा एक रुपया नाही, कोकणात किती घरं त्यावर चालतात ते छपरांकडे बघून कळतं. पण त्यावरचे बहुतेक चॅनल एसडी. एसडी चित्र म्हणजे ७२० गुणिले ५७६, चार लाखाच्या आसपास ठिपके. ४के टीव्हीच्या स्क्रीनवर ठिपके असतात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८३ लाख. चार लाखांचं चित्र ८३ लाखांवर पसरायचं म्हणजे एका ठिपक्याचे वीस करायचे, ते टीव्ही अंदाजाने भरतो. स्क्रीन जेवढी मोठी तेवढं ते चित्र धुरकट, बातम्यांची पट्टी फाटल्यासारखी, मालिकेतल्या बायकांच्या साड्यांचे काठ पुसलेले. दुकानात हे कधीच दिसत नाही कारण तिथे कंपनीचा ४के व्हिडिओ चालू असतो, पक्षी, फुलं, परदेशातली शहरं. मी दुकानात गेले तेव्हा त्याला सांगितलं तुमच्या डिशवर सह्याद्री लावा, ५५ वर पण लावा आणि ४३ वर पण लावा. लावल्यावर ह्यांनी स्वतःच सांगितलं ४३ घेऊ. तुमच्याकडे एचडी पॅक असेल किंवा सगळं नेटवरच बघत असाल तर मोठा जरूर घ्या, बसायची जागा सहा सात फुटांवर असेल तर ५० किंवा ५५ मस्त वाटतो. पण डिशवर एसडी बघणाऱ्या घराने मोठ्या टीव्हीच्या नादाला लागू नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

पॅनलबद्दल दुकानदार बोलत नाही, बॉक्सवर पण नसतं, पण आपल्या घरांसाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं. साध्या एलईडी टीव्हीत दोन जातीची पॅनलं येतात, आयपीएस आणि व्हीए. व्हीएमध्ये काळा रंग जास्त काळा दिसतो, चित्र उठावदार, पण समोर बसून बघितलं तरच, बाजूला सरकलात की रंग फिके पडतात. आयपीएसमध्ये बाजूने बघितलं तरी रंग तसेच, पण काळ्याच्या जागी जरा राखाडी झाक. आता फ्लॅटमध्ये सोफा टीव्हीच्या समोर असतो. आमच्या ओटीवर झोपाळा डाव्या टोकाला, आण्णा तिथे. सासूबाई उंबऱ्याजवळ खाली बसतात, नारळ किसता किसता बघतात, पोरं लादीवर लोळत, आणि मी तर बऱ्याच वेळा माजघराच्या दारातून. समोर असं कुणी बसतच नाही! चतुर्थीला चाकरमानी आले की पंधरा वीस माणसं जिथे जागा मिळेल तिथे. असं असल्यावर आयपीएस हाच पर्याय. दुकानात ओळखायचं कसं, तर माणसाचा चेहरा स्क्रीनवर असताना टीव्हीच्या अगदी बाजूला जाऊन उभं राहायचं आणि मग खाली बसून वर बघायचं. चेहरा पांढुरका, धुतल्यासारखा झाला तर व्हीए. एकाच मॉडेलच्या ४३ ला एक पॅनल आणि ५० ला दुसरं असं पण असतं, म्हणून जो साइझ घेणार तोच बघा.

याचा तोटा पण सांगते. आमच्याकडे रात्री यूट्यूबवर दशावतार लागतो, आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये पाठी मिट्ट काळोख आणि पुढे हॅलोजनच्या उजेडात राजा नाहीतर संकासुर. आयपीएसवर तो काळोख करडा दिसतो. पण ओटीवरचा दिवा चालूच असतो त्यामुळे तेवढं खटकत नाही. काळोख्या खोलीत एकटं बसून सिनेमे बघणाऱ्याने मात्र व्हीएच घ्यावा.

ओएलईडी म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो, पाठून दिवा नाही, त्यामुळे काळा खराखुरा काळा आणि बाजूने पण सुंदर. बघितला तेव्हा मला खूप आवडला. पण एक तर किंमत, दुसरं म्हणजे एकच गोष्ट स्क्रीनवर तासन्‌तास राहिली की तिचा डाग उमटायची भीती असते, आणि आपल्याकडे आण्णांसारखी माणसं सकाळपासून बातम्यांचं चॅनल लावून बसतात, कोपऱ्यात तोच लोगो आणि खाली तीच लाल पट्टी. क्यूएलईडी नाव ऐकायला ओएलईडीच्या भावासारखं वाटतं पण तो एलसीडीच आहे, निळ्या बॅकलाइटपुढे क्वांटम डॉट्सचा थर असतो त्यामुळे रंग जास्त शुद्ध येतात. या क्वांटम डॉट्सच्या शोधासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, मौंगी बावेंडी, लुई ब्रूस आणि अलेक्सी एकिमोव्ह या तिघांना. एवढं मोठं संशोधन आपल्या ओटीवर येऊन पोचलंय याचं मला खरंच अप्रूप वाटतं. दोन चार हजारांचा फरक असेल तर घ्यावा, रंगात फरक दिसतो. पण त्यात पण पॅनल आयपीएस की व्हीए हा प्रश्न राहतोच, बाजूला उभं राहून बघायचं चुकत नाही.

एचडीआरचा, म्हणजे उजेड आणि काळोख यातला फरक जास्त दाखवणाऱ्या चित्राचा, स्टिकर सगळ्यांवर असतो. स्वस्त टीव्हीत त्याचा अर्थ एवढाच की तो सिग्नल टीव्हीला समजतो, दाखवायला लागणारा उजेड त्याच्याकडे असतोच असं नाही. उजेड निट्समध्ये मोजतात, बजेटमधले टीव्ही अडीचशे तीनशे निट्सचे. खळ्यावरचं ऊन आत येतं त्या ओटीसाठी हे कमी पडतं, चारशेच्या पुढचा मिळाला तर बरं. आणि स्क्रीन काचेसारखी चकचकीत नको. दुकानात टीव्ही बंद करायला लावा आणि काळ्या स्क्रीनमध्ये स्वतःचा चेहरा किती स्वच्छ दिसतो ते बघा, जेवढा स्वच्छ तेवढं दुपारी तुमच्या ओटीचं दार त्यात दिसणार.

आवाजाबद्दल कुणी विचारत नाही आणि जुलैत रडतात. रत्नागिरी सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि हल्ली कौलं काढून पत्रे घातलेली घरं किती झालीत, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि दापोलीच्या पट्ट्यात तर फारच. पत्र्यावर पाऊस पडायला लागला की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही तिथे टीव्हीचे ते २० वॅटचे खाली तोंड केलेले स्पीकर काय करणार. पातळ टीव्हीत आवाजाला जागाच नसते. म्हणून टीव्ही घेताना एका एचडीएमआय पोर्टवर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलंय का ते बघा, म्हणजे पुढेमागे साउंडबार एका वायरीने जोडता येतो आणि टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमीजास्त होतो. सासूबाईंना कमी ऐकू येतं, त्यांच्यासाठी साउंडबारमध्ये बोलणं स्पष्ट करणारा मोड असतो तो फार उपयोगी पडला, आता त्यांना पावसात पण संवाद कळतात.

स्मार्टपणाबद्दल थोडक्यात. टीव्ही चालवणारी आतली सिस्टीम म्हणून गुगल टीव्ही बऱ्याच कंपन्यांत येतो, सॅमसंगमध्ये टायझेन, एलजीमध्ये वेबओएस, काहींमध्ये फायर टीव्ही. सगळ्यांवर यूट्यूब आणि जिओहॉटस्टार चालतं, आपल्याला अजून काय लागतं. रॅम २ जीबीच्या खाली नको, दीड जीबीवाले वर्षभरात अडखळायला लागतात. तरी यात जास्त जीव अडकवू नका, कारण टीव्हीचा मेंदू जुना झाला तर काही हजारांची, एचडीएमआयच्या भोकात बसणारी स्टिक लावून नवा करता येतो पण पॅनल बदलता येत नाही, पॅनल गेलं की खर्च जवळजवळ नव्या टीव्हीएवढा येतो. सेटअप करताना तुम्ही काय बघता ते गोळा करायची परवानगी मागतात, ती मी नाही म्हटली, नाही म्हटलं तरी सगळं चालतं.

वायफाय मात्र तपासा. ५ गिगाहर्ट्झवालं वेगवान असतं पण चिऱ्याच्या जाड भिंतीतून नीट येत नाही, दोन भिंती आड असेल तर २.४ वरच लावावं लागतं, म्हणून दोन्ही चालणारा टीव्ही घ्या आणि राउटर शक्यतो ओटीवरच ठेवून घ्या. ज्यांच्याकडे फायबर नाही आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवायचं आहे त्यांनी हिशोब करा, एचडी चित्राला तासाला साधारण ३ जीबी जातात, ४केला ७ पर्यंत. रोजचा दीड जीबीचा पॅक म्हणजे अर्धा तास. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये चित्राची क्वालिटी ४८० वर आणून ठेवली की बराच वेळ पुरतो.

रिमोट! नवीन रिमोटवर आकडेच नसतात. सासूबाईंनी हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "गो, ह्येतुर आकडे खय आसत? माका ह्यातला काय एक कळणा नाय." मी त्यांना ते शिकवायच्या फंदात पडलेच नाही. सेट टॉप बॉक्सच्या बऱ्याच रिमोटवर टीव्हीसाठी चार बटणं असतात ती टीव्हीच्या रिमोटवरून शिकवता येतात, ऑन ऑफ, आवाज आणि इनपुट, तेवढं शिकवून दिलं. आता त्या एकाच रिमोटने सगळं करतात. आणि दुपारी कंटाळा आला की नवीन रिमोटचा माइक दाबून "डबलबारी भजन" म्हणतात आणि येतं, त्याचं त्यांना फार कौतुक, बुवांची नावं सांगून शोधतात आता.

चित्राचं एक सेटिंग घरी आल्याबरोबर करा. टीव्ही दुकानातल्या ट्यूबलाइटच्या झगमगाटात उठून दिसावा म्हणून विविड नाहीतर डायनॅमिक मोडवर असतो, सगळ्यांचे चेहरे तांबडे निळे. मूव्ही किंवा सिनेमा मोड लावा, पहिले दोन दिवस पिवळट वाटेल मग डोळ्यांना सवय होते. दुपारसाठी त्यातच बॅकलाइट वाढवायचा. शार्पनेस कमी करा, विशेषतः एसडी चॅनलला, चेहऱ्याभोवतीच्या पांढऱ्या रेघा जातात.

किमतीचं बोलायचं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचावरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे मूळ ३० हजारांचा टीव्ही आधी ३८,४०० ला पडायचा तो ३५,४०० ला. आधी ३२ इंचीवर कर कमी म्हणून लोक ३२ घ्यायचे, ते कारण आता उरलं नाही. ऑनलाइन दुकानापेक्षा दोन तीन हजार कमी दाखवत होतं तरी मी कुडाळच्या दुकानातून घेतला, आणि त्याचं कारण सर्व्हिस. घ्यायच्या आधी मी ज्या कंपन्या डोक्यात होत्या त्यांच्या कस्टमर केअरला फोन केले, आमच्या गावाचा पिनकोड सांगितला आणि विचारलं माणूस कुठून येणार आणि किती दिवसांत. एकीने सांगितलं कोल्हापूर, एकीने गोवा, एकीकडे पिनकोडच लागत नव्हता, ती तिथेच बाद. हा फोन प्रत्येकाने करावा. घाट उतरून माणूस यायचा म्हणजे तो चार कंप्लेंटी जमल्याशिवाय येत नाही, आणि पावसात तर विचारूच नका. दुकानदार गावातला असला की त्याच्या मागे लागता येतं.

वॉरंटीचा कागद वाचा. वीज पडणं, व्होल्टेज, पाणी, किडामुंगी, गंज, हे बहुतेक ठिकाणी वगळलेलं असतं, आणि आपल्याकडे टीव्ही याच कारणांनी जातात. पैसे भरून वाढीव वॉरंटी घेणार असाल तर यातलं काय त्यात बसतं ते लिहून मागा, तोंडी नको. डिलिव्हरीवाल्यासमोर बॉक्स उघडा, टीव्ही लावून एकदा पूर्ण पांढरी आणि एकदा पूर्ण काळी स्क्रीन बघा, यूट्यूबवर तसे व्हिडिओ आहेत, पांढऱ्यावर काळा ठिपका किंवा काळ्यावर पेटलेला ठिपका दिसला तर तिथेच फोटो काढून दुकानात कळवा.

आणि ज्यांचं गावचं घर वर्षभर बंद असतं, फक्त चतुर्थी आणि मे महिन्यात उघडतं, त्यांच्यासाठी. माझ्या नणंदेचं घर खालच्या वाडीत तसंच आहे. बंद घरात टीव्ही सगळ्यात लवकर जातो, ओल असते आणि तो कधी गरमच होत नाही. तिच्या घराची चावी आमच्याकडे आहे, पावसाळ्यात दर आठवड्याला कुणीतरी जाऊन खिडक्या उघडतो, टीव्ही अर्धा तास लावतो आणि परत सगळ्या पिना काढून येतो. तुमच्याकडे असं कुणी नसेल तर निदान जाताना टीव्ही भिंतीवरून काढून त्याच्या मूळ बॉक्समध्ये, सिलिका जेलच्या पुड्या घालून, उभाच, आडवा नाही, आतल्या कोरड्या खोलीत ठेवा. म्हणून बॉक्स फेकू नका. आणि रिमोटमधले सेल काढून ठेवा, दमट हवेत ते पाझरतात आणि स्प्रिंगा खातात.